कत्तिरीतलं कव्हर

मे महिना उजाडला की तंजावुरात कत्तिरी लागते. पंचांगात तिचं नाव अग्निनक्षत्र असं भारदस्त आहे, पण ते पंचांगापुरतंच. आमच्या राजवाड्यामागच्या गल्लीत भाजीवालीपासून गुरुजींपर्यंत सगळे कत्तिरीच म्हणतात. तीन-साडेतीन आठवडे ऊन असं पडतं की कावळासुद्धा सावली सोडत नाही. नेमकी त्याच दिवसांत मी दर वर्षी पुण्याहून माहेरी येते. पुण्याच्या मैत्रिणी मला वेड्यात काढतात. लोक उन्हाळ्यात महाबळेश्वरला जातात आणि ही बाई तंजावुरला जाते, म्हणून हसतात. आई इथं आहे हे खरं, पण ती डिसेंबरातही असतेच की.

यंदा कामाचा लॅपटॉप बरोबर आणला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याच्या पोटातला पंखा किंचाळायला लागला. आई झोपाळ्यावर आडवी झाली होती. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईला हाक ऐकू येत नाही, पण नको ते आवाज बरोबर ऐकू येतात.

"काय ग तें? विमान आणलीस कां घरांत?"

"पंखा आहे आई. तापलंय ते."

"झांकूं नको हो," आई म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मी लॅपटॉप उचलून त्याखाली एक जुनं पुस्तक सरकवलं. हात मात्र तसाच राहिला. झाकू नको, असं ही का म्हणाली असेल? लॅपटॉप कोण झाकतं? तिला माझ्या लॅपटॉपमधलं काय कळतं? आणि मग तो जुना उन्हाळा आला, नव्वदीच्या मधल्या वर्षांतला. तो दर वर्षीच येतो म्हणा. पण यंदा जरा वेगळ्या दाराने आला.

तेव्हा आमच्या घराच्या पुढच्या हॉलमध्ये माझ्या वडिलांचं, अप्पांचं, टायपिंगचं इन्स्टिट्यूट होतं. बारा यंत्रं, आठ इंग्रजी आणि चार तमिळ. पहाटे सहापासून मुलं-मुली यायची, पापनाशमहून पहिल्या गाडीनं येणाऱ्या मुलींची तर वेगळी बॅच होती. तासाला अप्पा पितळी घंटा वाजवायचे. घंटा झाली की कागद काढायचा, कॅरेज मधे आणायचं, आणि यंत्रावर कव्हर घालून मगच उठायचं. बाहेरून काळं रेक्झिन, आतून फलालीन, कडेला लाल पट्टी. अप्पा माप घेत आणि आई तिच्या पायमशीनवर शिवत असे. पुढचा मुलगा दारात उभा असला तरी आधीच्यानं कव्हर घालायचं आणि पुढच्यानं ते काढायचं. मधल्या अर्ध्या मिनिटासाठी हा खटाटोप कशाला, असं एकदा कुणीतरी विचारलं. अप्पा म्हणाले, "यंत्र उघडं टाकून उठणारा माणूस ताटही तसंच टाकून उठतो." अप्पांनी तीस वर्षांत बोटं कुठं ठेवायची ते जितक्यांना शिकवलं, तितक्यांना हेही शिकवलं.

मग बस स्टँडसमोर काचेच्या दाराची कंप्युटर सेंटरं उघडू लागली. आत एसी, बाहेर चपलांचा ढीग. लोक देवळात जावं तसे अनवाणी आत जात. आमच्याकडच्या बॅचेस पातळ झाल्या. दुपारची बंद पडली, मग पहाटेची. मी तेव्हा एकवीस वर्षांची, कंप्युटरचा एक वर्षाचा डिप्लोमा केलेली, म्हणजे अक्कल कमी आणि आत्मविश्वास जास्त. मीच अप्पांच्या मागे लागले की एक कंप्युटर तरी घेऊ, मी शिकवते. तयार घ्यायचा नाही, भाग आणून जोडायचा, म्हणजे मनासारखा होईल. अप्पांनी बरेच दिवस जमाखर्चाची वही चाळली. मग त्यांनी चार इंग्रजी यंत्रं विकून टाकली. ती न्यायला हातगाडी आली तेव्हा ते कव्हरांसकट चढवली की नाही एवढंच बघत होते.

"तूंच निवड," ते मला म्हणाले. "मला त्यांतलं कळत नाहीं. जूनांत शाळा उघडतात. तंवर हें चाललं तर पाटी नवी रंगवूं. नाहीं चाललं तर उतरवूं." आणि ते पंचा झटकून आत गेले. दारावरची ती पाटी त्यांच्या लग्नाआधीची होती.

कंप्युटरला जागा मिळाली ती खांब आणि भिंत यांच्या मधली. दोन विती आणि चार बोटं. तिथंच प्लग होता आणि तिथंच धूळ कमी यायची. उभा कॅबिनेट मावेना, तेव्हा मी बुटका, चपटा कॅबिनेट घ्यायचं ठरवलं. वर मॉनिटर बसेल, समोर कीबोर्ड. वीत मोजून, कागदावर आकृती काढून मी बसने तिरुचीला गेले.

तिथं मुरुगेसन नावाच्या माणसाचं सुट्या भागांचं दुकान होतं. कानामागे पेन्सिल ठेवावी तसा तो स्क्रू-ड्रायव्हर ठेवायचा. त्यानं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर एकेक भाग मांडत गेला. मदरबोर्ड, मेमरीच्या कांड्या, हार्ड डिस्क, प्रोसेसर. डिप्लोमात मी ह्या सगळ्यांच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, हातात यातलं काहीच धरलं नव्हतं. कुठला वेग पुरे आणि कुठला हवाच, कुठली कांडी कुठल्या खाचेत जाते, काही कळेना. कळत नसलं की माणूस वरचं घेतो. मी सगळ्यात वेगवान प्रोसेसर आणि सगळ्यात छोटी पेटी, दोन्ही एकदम मागितलं.

मुरुगेसननं डोकं खाजवलं. "चिन्न पेट्टी, पेरिय सूडु, पाप्पा," तो म्हणाला. छोटी पेटी, मोठा ताप, पोरी.

"पंखा आहे ना," मी म्हटलं.

"पंखा वारा हलवतो, थंड करत नाही. आत येणारा वारा कुठून येणार आणि कुठून जाणार, ते आधी बघ."

मी समजल्यासारखी मान हलवली. आज वाटतं, हातातला आकृतीचा कागद खाली ठेवून त्याच्यासमोर बसायला हवं होतं आणि सांगायला हवं होतं की अण्णा, मला काहीच कळलेलं नाही, पुन्हा सांगा. पण त्या वयात असं कोण म्हणतं?

घरी आल्यावर मी दोन दिवस तो जोडत होते. प्रोसेसरवर लावायचा पांढरा लेप उगाळलेल्या गंधासारखा होता. आईनं पेटीच्या कपाळाला, म्हणजे तिला जे कपाळ वाटलं तिथं, हळदकुंकू लावलं. यंत्र सुरू झालं तेव्हा अप्पा हात मागे बांधून उभे होते. पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा ते म्हणाले, "आवाज नाहीं." बारा यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य घालवलेल्या माणसाला ते चांगलं वाटलं की वाईट, तेही मला कळलं नाही. मी मात्र गुरू झाले होते. मी अप्पांना दोन नियम सांगितले. माऊसला उगाच हात लावायचा नाही. आणि सारखं बंद-चालू करायचं नाही, त्यानं यंत्राला इजा होते. सकाळी नऊला लावायचं ते पाचला बंद करायचं. अप्पांनी ते दोन्ही नियम लाल शाईत टाइप केले आणि भिंतीवर चिकटवले.

तिसऱ्या दिवशी कत्तिरी लागली. आणि चौथ्या दिवशी यंत्र अडकलं.

अडकलं म्हणजे पडदा दिसतो आहे, अक्षरं तिथंच आहेत, पण काही हलत नाही. बंद करून लावलं की चालतं. दुसऱ्या दिवशी अकराला अडकलं. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला. मग अकराला आणि अडीचला, दोन्ही वेळा. सकाळी नऊ ते साडेदहा मी समोर बसून असायचे तेव्हा ते सरळमार्गी बाळासारखं वागायचं. मी साडेदहाला कॉफीला आत जाऊन आले की थोड्या वेळानं फतकल मारायचं. मी जेवून, आडवी होऊन अडीचला यायचे, की पुन्हा तेच.

मी मेमरीच्या कांड्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरनं घासल्या. वायरी उपसून पुन्हा बसवल्या. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून स्टॅबिलायझर आणला. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दृष्ट लागली, तर आईनं मिरच्या ओवाळून टाकल्या, त्याच्या धुरानं आम्हीच तासभर ठसकत होतो. प्रोसेसर खराब निघाला असावा असं एक मन म्हणे. मदरबोर्ड, असं दुसरं मन म्हणे. मग वाटे की उन्हाचाच हा प्रताप. त्यावर आमच्या घराकडे तयार उपाय होताच. नऊ वाजता साऱ्या खिडक्या बंद, दारावर वाळ्याची चटई, तिच्यावर दर तासाला पाणी. बाहेरचं ऊन बाहेर ठेवायचं, ही आमच्या घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हॉलमध्ये काळोख, वाळ्याचा वास, कोपऱ्यात रांजणाचं गार पाणी. माणसाला अगदी सुख वाटावं असं. यंत्राला मात्र वाटेना.

जून जवळ येत होता. रात्री जेवताना अप्पा पाटीचं नाव काढत नसत आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. वडवारूच्या कालव्यात पाणी नव्हतं, त्याच्या कोरड्या पात्रात मुलं क्रिकेट खेळत. धरणाचं पाणी सोडलं की ते येणार, जूनमध्ये. सगळं जूनमध्येच होणार होतं. माझ्या मनात एकच वाक्य फिरत असे की मी निवड चुकवली. कुठली निवड ते कळत नव्हतं, पण चुकवली ती मीच. चार यंत्रं हातगाडीवर गेली आणि त्या बदल्यात मी घरात हे मुखदुर्बळ खोकं आणून ठेवलं.

मग ती दुपार. जेवून मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. पापड खारट होते म्हणून असेल, तहान लागली आणि एरवीपेक्षा आधीच उठून रांजणाकडे गेले. हॉलमध्ये तो नेहमीचा काळोख. खांबाजवळ अप्पा स्टुलावर बसलेले, उघड्या अंगानं, घामानं निथळत. कंप्युटर चालू होता आणि त्यावर, मॉनिटरपासून टेबलापर्यंत, काळ्या रेक्झिनचं, आतून फलालीन असलेलं, लाल पट्टीचं कव्हर होतं. संध्याकाळी यंत्र बंद झाल्यावर घालायला आईनं शिवलेलं तेच, नेटकं, कोपरे बसवलेलं. आणि अप्पा ताडपानाच्या विसणीनं त्या कव्हराला वारा घालत होते.

मी तिथंच उभी राहिले. हसावं की रडावं ते कळेना, हे मी शब्दशः लिहिते आहे. एका क्षणात सगळं समजलं. मी उठले की अप्पा यंत्र झाकत. उघडं टाकून कसं उठायचं? आणि बंद करायचं नाही, कारण मीच तसा नियम केला होता, तो लाल शाईत भिंतीवर होता. मी यायच्या आधी कव्हर काढून घडी करून ठेवत, कारण शिकणारा यायच्या वेळी यंत्र तयार हवं. दोन्ही नियम त्यांनी तंतोतंत पाळले होते, तीस वर्षांचा त्यांचा आणि तीन आठवड्यांचा माझा.

मी पुढे होऊन कव्हरावर हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखं लागलं. अप्पांची विसणी थांबली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"फार तापतं ग हें," ते म्हणाले. "दुपारीं मी वारा घालतों. तरी निवत नाहीं."

मला बोलायचं होतं. पण समोर तो माणूस घामानं भिजलेला, हातात विसणी. ज्यानं हजारभर पोरांना झाकायला शिकवलं, त्याला मी सांगायचं की तुमच्या झाकण्यानंच हे झालं? मी म्हटलं, "अप्पा, माझी चूक आहे. मी पंखा चुकीचा निवडला. उद्या तिरुचीला जाऊन बदलून आणते."

"पंखा?"

"होय, पंखा."

"शरी, बरं," ते म्हणाले, आणि विसणी खाली ठेवून तोंड धुवायला गेले. मी कव्हर काढलं, घडी घालून स्टुलावर ठेवलं.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर बसून मुरुगेसनला काय सांगायचं ते मनात घोळवत होते. दिवसभराच्या उन्हानं गच्ची चुलीसारखी तापलेली, वारा नाही, शेजारच्या जाईला वास आलेला. खालून आईच्या पायमशीनची घरघर ऐकू येत होती. ह्या उकाड्यात हिला शिवायला काय सुचतंय, एवढंच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी बसमधून तिरुचीला नेली. मुरुगेसननं मोठा पंखा दिला, पेटीच्या बाजूला चार भोकं पाडून दिली आणि म्हणाला, "सांगितलं होतं." मी मान हलवली, ह्या वेळी समजून. घरी आल्यावर पंखा बसवला आणि अप्पांना नवा नियम सांगितला. ह्या पंख्याचं असं आहे की यंत्र बंद केल्यावरच कव्हर घालायचं, आणि समोर कुणी नसेल तेव्हा तासाच्या घंटेला बंद केलं तरी चालेल. अप्पांनी लगेच तो टाइप केला. "नियम तर नियम," म्हणाले. त्या दिवशी टेबलावर कव्हर नव्हतं. दोन दिवसांनी पुन्हा आलं, पट्टीचा रंग जरा गडद वाटला. धुतलं असेल, असं मी समजले.

यंत्र पुन्हा अडकलं नाही. जूनमध्ये पाटी रंगवली. इन्स्टिट्यूट आणखी बरीच वर्षं चाललं, माझ्या लग्नानंतरही.

आणि अप्पांनी ती गोष्ट सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. नव्या मुलांना, पालकांना, बँकेतल्या शिपायाला. माझ्या लग्नात पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांना मांडवात बसवून सांगितली. "आमच्या पोरीनं पंखा चुकीचा निवडला. पण स्वतःच ओळखलंन, स्वतःच जाऊन बदललंन. असं आपलं चुकलं म्हणणारं माणूस कुठं मिळतं?" सासरे कौतुकानं बघत होते आणि मी शालूत घामाघूम होऊन जमिनीकडे. वर्षानुवर्षं मला त्याचा राग यायचा. मी त्यांची चूक अंगावर घेतली आणि हे तिचा डांगोरा पिटतात! कधीतरी सांगून टाकावं असं फार वाटे. सांगितलं नाही. मग अप्पा गेले, तेही एका मे महिन्यात, आणि सांगायचं राहिलंच.

तर यंदा, आई झोपून उठल्यावर, मी तिला विचारलं. "सकाळी झाकू नको म्हणालीस ते कशाला?"

आईनं आधी मला वेड्यात काढलं. मग म्हणाली, "जा, माझी पेटी उघड. तळाला बघ."

नऊवारींच्या खाली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, ते होतं. काळं रेक्झिन आता भेगाळलेलं, लाल पट्टी विटकी. मी ते उलगडलं आणि मागची बाजू समोर आली. तिथं एक गोल भोक होतं. बरोबर जिथं कंप्युटरच्या पाठीचा पंखा येतो तिथं. कडेनं काजाचा टाका, एकही दोरा सुटलेला नाही. दोन्ही बाजूंना लांबट चिरा, त्यांना मशीनची पट्टी.

"कॉफीचा डबरा ठेवून गोल काढलंन तुझ्या अप्पांनीं," आई हातानं पेल्याखालच्या त्या वाटीचा गोल दाखवत म्हणाली. "मी कापलें, टांका घातलें."

"कधी?"

"तूं तिरुचीला गेलीस बघ. त्याच्या आदल्या सांजेला."

म्हणजे मी खोटं बोलले त्याच्या तीन-चार तासांत. म्हणजे त्यांना कळलं होतं. माझ्या हाताकडे बघून कळलं, की चेहऱ्याकडे?

"मग मला थांबवलं का नाही? भोक पाडलं होतं तर पंखा कशाला आणू दिला?"

"मी विचारलें. म्हणाले, उद्यां ती येऊं दे, मग दाखवतों आणि माझं चुकलं सांगतों." आई पदरानं वारा घेत होती. "तूं आलीस ती केवढी खूश होऊन आलीस. पंखा दाखवलीस, नियम सांगलीस. ते उठून आंत आले, हें माझ्या हातांत दिलं, म्हणाले ठेव आंत. दुसरं शिव, भोक नको."

"काहीच बोलले नाहीत?"

"बसले होते थोडे. मग म्हणाले, अस्की मुलांना हें सांगायला पाहिजे."

सगळ्या मुलांना काय सांगायला पाहिजे? इतकी वर्षं ते सांगत होते ती गोष्ट माझ्या चुकीची नव्हतीच का? मांडवात सासऱ्यांसमोर ते माझं कौतुक करत होते ते कुठल्या गोष्टीचं? मी खोटं बोलले त्याचं? की त्यांना वाटत होतं, मी कधीतरी तोंड वर करून म्हणेन, अप्पा, पुरे करा, मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही? मी जमिनीकडे बघत राहिले. दर वेळी जमिनीकडेच बघितलं मी. मला खरंच कळत नाही. आणि ज्यांना विचारायचं ते नाहीत. फार वाईट वाटतं, एवढंच कळतं.

मी त्या भोकातून हात घालून पाहिला. मनगटापर्यंत सहज गेला.

संध्याकाळ झाली होती. आईनं खिडक्या उघडायला सांगितल्या, त्या उघडल्या. खांबाजवळच्या टेबलावर लॅपटॉप अजून कण्हत होता. मी काम तसंच ठेवून तो बंद केला. त्याच्यावर तळवा ठेवून बसले, तो निवेपर्यंत, बराच वेळ. मग अप्पांचं कव्हर त्याच्यावर घातलं. ते फार मोठं होतं, चारी बाजूंनी टेबलावर पसरलं. कोपरे नीट केले आणि मगच उठले.